फ्रेम स्वस्त, सायकल महाग

आपल्या हॉस्टेलवर दर दोन-तीन वर्षांनी एक लाट येते. कधी गिटारची, कधी जिमची, कधी शेअर बाजाराची. सध्याची लाट आहे ट्रायथलॉनची. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि वर पळायचं! लाट चांगलीच आहे. रात्री दोनला झोपणारी मंडळी पहाटे पाचला उठायला लागली तर वॉर्डन सरांनाही आनंदच होईल. पण या लाटेबरोबर एक प्रश्नही रूमारूमांतून फिरतोय : ऑनलाइन दिसणारी ती स्वस्तातली, कार्बनची ट्रायथलॉन फ्रेम मागवावी का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली सायकल म्हणून मागवू नये. आता कारणं, कारण नुसतं उत्तर लिहून आपल्याकडे मार्क मिळत नाहीत.

मुळात ही सायकल वेगळी का असते? साध्या रोड बाईकमध्ये सीटखालचा दांडा जमिनीशी साधारण ७२ ते ७४ अंशांचा कोन करतो, ट्रायथलॉनच्या फ्रेममध्ये ७६ ते ७८ किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे माणूस पुढे सरकतो, कोपरं हँडलवर टेकवून वाकतो आणि वाऱ्याला कमी अंग देतो. सगळा फंडा वाऱ्याचा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर वाऱ्यासाठी ३३ टक्के जास्त जोर. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स पास झालेल्यांना हे पटेल. न झालेल्यांना सायकलवर पटेल.

आता हाच हिशोब पुढे नेऊ. वेग ताशी ३० किलोमीटर, ताठ बसलेल्या माणसाचा सीडीए ०.३५ धरू. वाऱ्यासाठी साधारण १२० वॉट लागतात. तोच माणूस कोपरं टेकवून नीट वाकला आणि सीडीए ०.२८ वर आला, तर सुमारे ९७. तेवीस-चोवीस वॉट वाचले, आणि ते वाचवले कोणी? फ्रेमने नाही, पाठीने! वाऱ्याच्या एकूण विरोधातला मोठा वाटा सायकलचा नसतो, वर बसलेल्या देहाचा असतो. १९८९ च्या टूर दि फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता आणि अखेर ८ सेकंदांनी जिंकला. त्या दिवशी चर्चा झाली ती त्याच्या कोपरं टेकवायच्या हँडलची. तसली हँडल ट्रायथलॉनवाले आधीपासून वापरत होते, आणि आज ती कुठल्याही रोड बाईकवर चार बोल्ट आवळून बसवता येतात.

दुसरा मुद्दा खिशाचा. फ्रेम म्हणजे सायकल नव्हे. गिअर, क्रँक, चाकं, ब्रेक, हँडल, केबल सगळं वेगळं घ्यायचं. बाहेरून मागवली तर कस्टम ड्यूटी आणि टॅक्स वेगळा. त्यात एअरो फ्रेमची सीटपोस्ट गोल नसते, त्या मॉडेलचीच लागते. ती तुटली की शोधत बसा. बॉटम ब्रॅकेटचे तर इतके प्रकार आहेत की व्हायवाला विचारले तर अर्धा वर्ग घरी जाईल. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे साधा आट्यांचा बॉटम ब्रॅकेट बसवायची हत्यारं असतात. दाबून बसवायच्या प्रकाराला वेगळं प्रेस लागतं आणि भोकाचं माप मायक्रॉनमध्ये चुकलं तरी आयुष्यभर कुईकुई.

तिसरा मुद्दा सगळ्यात गंभीर. ॲल्युमिनियम किंवा स्टीलची फ्रेम मार खाल्ला की बहुतेक वेळा वाकते, पोचते, निदान दिसते. कार्बनमध्ये थरांच्या मधे हवेचे बुडबुडे राहिले, रेझिन कमी-जास्त झालं तर वरून रंग चकाचक आणि आत पोकळ. असा भाग मोडतो तो बहुधा अचानक. आणि तो फोर्क असेल व आपण घाट उतरत असू तर? सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० नावाचं मानक आहे, त्यात फ्रेम आणि फोर्कच्या फटीग व इम्पॅक्ट चाचण्या आहेत. विकणाऱ्याला त्याचा रिपोर्ट मागा. उत्तरादाखल नुसता स्मायली आला तर काय ते समजून घ्या.

यावर शेजारच्या रूममधून हमखास आवाज येतो, "अरे, मोठ्या कंपन्यांच्या फ्रेमपण तैवान-चीनमध्येच बनतात की!" बरोबर आहे. तिथे उत्तम कारखाने आहेत आणि तिथल्या सगळ्याच बिननावाच्या फ्रेम वाईट असतात असंही नाही. पण देश एक म्हणजे तपासणी एक असं होत नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये एकाच लेथवर दोन पोरं जॉब करतात, एकाचा व्हर्नियरला बसतो, दुसऱ्याचा स्क्रॅपमध्ये जातो. कंपनी जास्तीचे पैसे घेते त्यात जाहिरात असते हे खरं, पण रिजेक्ट करायचा आणि फ्रेम परत घ्यायचा खर्चही त्यातच असतो.

शिवाय ही सायकल सगळीकडे चालतही नाही. ऑलिम्पिक पद्धतीच्या ज्या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायला परवानगी असते, तिथे ट्रायथलॉन बाईक बाद, साधी रोड बाईकच लागते. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमन ७०.३ सारख्या शर्यतीत, जिथे ९० किलोमीटर एकट्याने वारा खायचा, तिथे तिचा उपयोग. आणि तिथेही रोड बाईक चालते.

मग करायचं काय? जुनी पण धड, मापाची ॲल्युमिनियम रोड बाईक घ्या. तिला कोपरांचं हँडल लावा, चांगले टायर टाका, उरलेल्या पैशात हेल्मेट आणि पोहण्याचा क्लास. एक-दोन शर्यती पूर्ण करा. त्यानंतरही वाकून तीन तास बसवत असेल, स्वतःचं स्टॅक आणि रीच पाठ असेल, चाचणीचा रिपोर्ट हातात असेल आणि पैसे स्वतःच्या स्टायपेंडचे असतील, तर खुशाल मागवा. मी स्वतः पाना घेऊन जोडायला येईन.

पण घरून सेमिस्टरच्या फीबरोबर आलेल्या पैशात तेवीस वॉटची स्वप्नं विकत घेऊ नका. ते वॉट पाठ वाकवून फुकट मिळतात. पटलं तर बघा, नाही पटलं तर मेसमध्ये भेटा, भांडू!