बांधावरची चर्चा : पोट लहान करावे की वजन घेऊन जगावे?



या पानावर आपण नेहमी डाऊनी, भुरी, फवारणीचे अंतर आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. निफाड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. वय ४२, उंची पाच फूट तीन इंच, वजन ९६ किलो. मधुमेहाला सहा वर्षे झाली, गोळ्या वाढत चालल्या, गुडघे दुखतात. नाशिकच्या डॉक्टरांनी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. सासूबाई म्हणतात, धडधाकट पोटाला चाकू कशाला लावायचा? दीर म्हणतात, करून टाका, दोन महिन्यांत बारीक व्हाल. बाई विचारतात, दोघांत खरे कोणाचे?

मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण खर्च, जोखीम आणि उत्पन्न एकाच कागदावर मांडून पाहण्याची सवय या नोकरीने लावली आहे. हा प्रश्न त्याच पद्धतीने पाहण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेला धोका आहे, तसा न करण्यालाही आहे. दुसरा धोका हळूहळू येतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही, इतकेच.

या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा बातम्यांवरून. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ती करवून घेतली आणि पुढे वर्षानुवर्षे ते देशभर दौरे करीत राहिले, हे सर्वांनी पाहिले. इजिप्तच्या एमान अहमद यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये विमानाने मुंबईत आणले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांनी त्यांचे निधन झाले. एकाचे नाव घेऊन लोक हो म्हणतात, दुसरीचे घेऊन नको म्हणतात. आपल्या घरातला माणूस या दोहोंपैकी कोणीच नसतो. म्हणून आधी स्वतःचा आकडा काढावा.

आकडा काढणे सोपे आहे. वजन किलोत घ्यावे, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावे. पत्रातल्या ताईंची उंची १.६० मीटर. ९६ ला १.६ ने भागले की ६०, पुन्हा भागले की ३७.५. यालाच डॉक्टर बीएमआय म्हणतात. जागतिक तज्ज्ञ संघटनांनी २०२२ मध्ये ठरवल्याप्रमाणे ३५ च्या वर शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. मधुमेहासारखा आजार असेल तर ३० च्या वर विचार करता येतो. आपल्या आशियाई माणसांसाठी ही रेषा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली आहे.

आपल्यासाठी रेषा खाली का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याजवळच्या शेतकरी कुटुंबांचा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास चालवला. जन्मलेली बाळे वजनाने लहान, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त, असे त्यात आढळले. डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे काट्यावर सारखा दिसणारा आपला माणूस आतून निराळा असतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हावे, असे सांगतात ते यामुळेच.

आता वजन घेऊन जगण्याचा खर्च पाहू. आपल्याकडे सुटलेल्या पोटाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून मान मिळतो आणि त्याच पोटामागे लोक हसतातही. दोन्ही सोडून द्या. मधुमेह, रक्तदाब, यकृतात चरबी साठणे, गुडघ्यांची झीज, काही प्रकारचे कर्करोग, हे सारे वाढलेल्या वजनासोबत वाढते. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या जाड माणसाचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडकतो. त्याची झोप पुरी होत नाही आणि दिवसा ट्रॅक्टरवर डुलकी लागते. रोटाव्हेटर मागे फिरत असताना डुलकी लागणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भूक कमी होते, थोड्या खाण्यात पोट भरते. दुसऱ्यात जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पाटाचे पाणी वरच्या शेतांना वगळून खालच्या चारीत सोडावे, तसे हे आहे. अन्न आतड्याच्या वरच्या भागातून जात नाही, म्हणून तिथे शोषली जाणारी लोह आणि कॅल्शियमसारखी द्रव्ये शरीराला कमी मिळतात. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो तेव्हा काडीला नवा डोळा फुटणार हे ठाऊक असते. कापलेले जठर पुन्हा फुटत नाही. पहिल्या प्रकारात मागे फिरण्याची वाट नाही, हे समजूनच सही करावी.

धोका किती? अमेरिकेत ४,७७६ जणांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत हजारी तिघे दगावले आणि शंभरात चारांना गंभीर त्रास झाला. आता उत्पन्नाची बाजू. मधुमेह असलेल्या १५० जणांचा पाच वर्षे मागोवा घेऊन २०१७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर ६ पर्यंत उतरली. जठराची नळी केलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के आणि आतडे जोडलेल्यांत २९ टक्के. दिरांना हा आकडा दाखवावा. फायदा मोठा आहे, पण शंभरातल्या सत्तराहून अधिकांची साखर तिथवर उतरली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया केलेली माणसे न केलेल्या तशाच जाड माणसांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक जगली. तरी सर्वसाधारण लोकांपेक्षा त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. हा हिशोब २०२० मध्ये छापला गेला.

माझ्या मते खरा प्रश्न शस्त्रक्रियेच्या दिवसाचा नाही, नंतरच्या वीस-तीस वर्षांचा आहे. तो डॉक्टरांपेक्षा आपल्या स्वयंपाकघराशी अधिक बांधलेला आहे.

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने दिवसातून पाच-सहा वेळा, मूठभरच, सावकाश चावून खायचे असते. पाणी जेवणासोबत प्यायचे नाही, मधल्या वेळेत घोट घोट प्यायचे. आता आपल्या घरातली बाई कशी जेवते ते आठवा. मजुरांच्या भाकरी झाल्या, पोरे जेवली, म्हातारी माणसे जेवली की शेवटी उरलेसुरले, पाच मिनिटांत. काढणीच्या दिवसांत तेवढेही नाही. ही रीत बदलायची घराची तयारी नसेल तर शस्त्रक्रियेचे पैसे वाया गेले असे समजा. तिचे ताट वेळेवर, आधी वाढले गेले पाहिजे. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जायला हवीत आणि पोट तर लहान झालेले. म्हणून आधी अंडी, मोडाची मटकी, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, भाकरी मागून. पूर्ण शाकाहारी घरात हे अवघड जाते, पण अशक्य नाही. एकादशीचा दिवसभराचा उपास आणि संध्याकाळी साबुदाणा, हा बेत अशा माणसाला झेपत नाही. रसवंतीवरचा उसाचा रस किंवा लग्नातली जिलेबी खाल्ल्यावर काहींना घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. बाहेरचे कोणी लागले म्हणून अंगारा लावत बसू नये. गोड अन्न आतड्यात एकदम उतरल्याने तसे होते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा आणि पुढे दरसाल रक्ततपासणी. बागेला माती परीक्षण चुकले तर एक हंगाम जातो. इथे बी-१२ चुकले तर हातापायांच्या नसा जातात. गोळ्यांच्या मानाने पहिले काही महिने उलट सावधगिरी लागते. शस्त्रक्रियेनंतर मधुमेहाचे औषध एकदम कमी करावे लागते. जुन्याच मात्रेने इन्सुलिन टोचत राहिले तर साखर धोकादायक खाली जाते.

कंबर दुखली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून गिळायची, ही आपली सर्वांची सवय. आतडे जोडलेल्या माणसाला यातल्या बऱ्याच गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो. तंबाखूनेही होतो. कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद पाकिटात ठेवावा. दारूचे तर नावच नको. या शस्त्रक्रियेनंतर ती झपाट्याने चढते आणि व्यसन जडण्याचा धोकाही वाढतो. ज्याला बाटली सुटत नाही, त्याने आधी ती सोडवावी, मग पोटाकडे पाहावे. नवविवाहित मुलींसाठी इतकेच, की पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, हे सासरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

शस्त्रक्रियेवाचून मार्ग आहेत का? आहेत. वजन पाच-दहा टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाब दोन्ही सुधारतात. मधुमेह नवा असेल तर वैद्यकीय देखरेखीखालच्या कडक आहारानेही तो काही काळ आटोक्यात येतो. आठवड्यातून एकदा टोचायची नवी इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्या देशात आली; त्यांनी वजन चांगले उतरते, पण बंद केली की बहुतेकांचे पुन्हा चढते. गावोगाव डब्यातली पावडर विकणारे फिरतात, त्यांना मात्र दारातूनच परत पाठवावे.

पत्रातल्या ताईंना माझे मत असे, की ३७.५ चा आकडा आणि वाढत्या गोळ्या पाहता डॉक्टरांनी सांगितले ते चैनीचे नव्हे. मधुमेहतज्ज्ञांचे दुसरे मत जरूर घ्यावे, पण ‘धडधाकट पोट’ म्हणून विषय बंद करू नये. बागेसाठी खर्च करताना घर दहा वेळा विचारत नाही, मग बाईच्या प्रकृतीला का विचारावे?

पैशाचे म्हणाल तर खासगी रुग्णालयात काही लाखांचा खर्च येतो. त्यासाठी सावकाराकडे जाऊ नये. आरोग्य विमा असेल तर २०१९ च्या विमा प्राधिकरणाच्या नियमाने बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ च्या वर असून मधुमेह आटोक्यात येत नसेल आणि इतर उपाय फसले असतील, तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया म्हणून विमा कंपनीला ती वगळता येत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षेचा काळ मात्र पाहून घ्यावा. जन आरोग्य योजनेत बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे.

शल्यचिकित्सकाला विचारायला संकोचू नका. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, माझ्यासाठी कोणता प्रकार आणि का, आहारतज्ज्ञ कोण, पहिल्या महिन्यात रात्री पोटात दुखले, ताप आला, नाडी जोरात चालली तर कोणाला फोन करायचा? अशा वेळी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट पाहू नये, थेट त्याच रुग्णालयात जावे. आणि तारीख घ्यायचीच ठरली तर काढणी उरकल्यावर, खरड छाटणीच्या मजुरांची सोय लावून घ्या. महिना-दीड महिना क्रेट उचलणे बंद राहील, त्या हिशोबाने घरातली कामे आधीच वाटून ठेवा.