एक जाळे, वेगळ्या चुली

हैदराबादच्या तारनाका भागातील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि आपल्या दोनापावल्याची राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था या एकाच वैज्ञानिक परिषदेच्या प्रयोगशाळा. दोन्ही 'नॅशनल नॉलेज नेटवर्क'ला जोडलेल्या आहेत. मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी मिळालेल्या या जाळ्यावर विद्यापीठांची, रुग्णालयांची, प्रयोगशाळांची माहिती सामायिक वाहिन्यांतून धावते. तरीही ठरावीक संस्थांना आपला बंद गट करता येतो. वेगळी केबल न टाकता हे कसे साधते, हे गोव्यानेही नीट समजून घेण्याची वेळ आली आहे.

साध्या राउटरजवळ मार्गांची एकच यादी असते. 'व्हीआरएफ' पद्धतीत तोच राउटर प्रत्येक गटासाठी स्वतंत्र यादी ठेवतो. एका गटाचे पत्ते दुसऱ्याच्या यादीत नसतात. त्यामुळे दोन कंपन्यांनी आपापल्या संगणकाला १०.०.०.१ हाच खासगी पत्ता दिला, तरी गल्लत होत नाही. एका वाड्यात भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, तसेच हे. खासगी उद्योगांच्या शाखा जोडताना दूरसंचार कंपन्या बहुधा हाच मार्ग वापरतात.

मात्र ही भिंत राउटरमधल्या सूचनांवरच उभी असते. एखाद्या गटाचा मार्ग चुकून दुसऱ्याच्या यादीत शिरला, की ती नाहीशी होते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय या पद्धतीने माहिती कूटबद्ध होत नाही; ती सोय वेगळी करावी लागते. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हे क्वचितच ठळकपणे छापलेले असते!

विलगीकरणातील ढिलाईची किंमत नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'ने मोजली. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि रुग्णनोंदणी कागदावर आली. जाळ्याचे विभाजन सदोष होते, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले.

गोवा ब्रॉडबँड नेटवर्कची रचनाच मुळात राज्य मुख्यालयापासून पंचायतींपर्यंतची कार्यालये जोडण्यासाठी झाली. अशा सामायिक जाळ्यावर रुग्णालय, कोषागार आणि पंचायत यांचे गट वेगळे असणे ही पहिली पायरी. खरी कसोटी त्यांच्यामधल्या दारांची आहे. कोषागाराला प्रत्येक खात्याशी बोलावेच लागते. ते दार फायरवॉलमधूनच उघडावे, आणि तातडीच्या कामासाठी दिलेली प्रत्येक सवलत मुदत संपताच बंद व्हावी. ती कोणी दिली, कोणी तपासली, याची नोंद ठेकेदाराकडे न राहता सरकारच्या हाती हवी. पुढच्या निविदेत ही अट घालायला नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.