साबण आधी अंगाचा, मग शोभेचा

फराळाच्या डब्याबरोबर घरी केलेल्या साबणाच्या दोन सुरेख वड्या भेट द्यायची हौस आता अनेक घरांत दिसू लागली आहे. ती जरूर वाढावी. सामान थोडं लागतं आणि एका दुपारी काम उरकतं. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. ही वडी कुणीतरी अंगाला लावणार आहे. त्या घरात तान्हं मूल असेल, पातळ कातडीची आजी असेल. रंग, वास, आकार यांतलं काहीही ठरवताना आधी त्या कातडीचा विचार करा, देखणेपणाचा नंतर.

साबण घरी करायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण मुळापासून करतात. दुसऱ्यात बाजारात मिळणारा तयार सोप बेस वितळवून त्यात रंग-सुगंध घालतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसराच मार्ग धरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की पाणी उकळायला आल्यासारखं तापतं, त्याच्या वाफा घशाला झोंबतात आणि डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टीवर बेतू शकतं. अॅल्युमिनियमच्या भांड्याशी त्याची क्रिया होऊन पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. शिवाय प्रत्येक तेलाला सोडा किती, याचं गणित वेगळं असतं आणि तयार वड्या चार ते सहा आठवडे मुरवाव्या लागतात. ही कला शिकण्यासारखी आहे, पण ती जाणत्या माणसासमोर बसून शिकावी. मोबाइलवर व्हिडिओ बघत, लहान मुलं पायात घोटाळत असताना ती करून बघू नये.

सोप बेस पारदर्शक ग्लिसरीनचा किंवा पांढरा मिळतो. अर्धा किलो घेतलात तर शंभर ग्रॅमच्या पाच वड्या होतात. त्याचे छोटे तुकडे करा, ते स्टीलच्या भांड्यात घाला आणि ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट गॅसवर ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास बेस वितळतो. तो उकळू द्यायचा नाही, कारण उकळला की त्यातलं पाणी उडतं, साबण गढूळ होतो आणि करपट वास धरतो. चमचा हळू फिरवा, जोरात ढवळलं की फेस होतो. साच्यात ओतल्यावर वर बुडबुडे आले तर स्पिरिटचा हलका फवारा मारतात, पण स्पिरिट चटकन पेटतं. ते हातात घेण्याआधी गॅस बंद असलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त चूक होते ती सुगंधात. वास दरवळावा म्हणून बाटली सढळ हाताने उपडी केली जाते आणि मग अंगाला खाज सुटते. वजनाच्या एक टक्का सुगंध पुरतो. म्हणजे अर्धा किलो बेसला पाच ग्रॅम, फार तर दुप्पट. तो अंदाजाने न घालता वजनकाट्यावर मोजा. अगरबत्तीसाठीचा किंवा खोलीत फवारायचा सुगंध साबणात घालू नका. बाटलीवर कातडीसाठी चालतो असं लिहिलेलाच घ्या. लवंग आणि दालचिनीचं तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी चांगलंच चुरचुरतं, त्यामुळे ते टाळलेलं बरं. व्हॅनिलाचे बहुतेक सुगंध पांढरा साबण काही दिवसांत तपकिरी करतात, हेही आधीच माहीत असू द्या.

रंगासाठी मेणाचे खडू किंवा पोस्टर कलर वितळवू नका. प्रसाधनांसाठी विकला जाणारा रंग चिमूटभर पुरतो. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हळद वडीतही तोच गुण दाखवू शकते आणि उन्हात ती फिकीही पडते. गुलाबाच्या पाकळ्या ओतताना मोहक दिसतात, पण काही दिवसांत काळपट पडतात. दूध, ताजा कोरफडीचा गर किंवा फळांचा रस घातला तर बुरशी धरते. आपल्या चवीचं काही घालायचं असेल तर उटणं घाला, मात्र वस्त्रगाळ करून. जाडसर कणांनी अंग ओरखडतं. शंभर ग्रॅमला अर्धा चमचा बास आहे. बेस जरा दाटसर होईपर्यंत थांबून मिसळा, नाहीतर सगळं उटणं तळाशी बसेल.

आकारांबद्दल कळकळीने सांगते. मोदक, पेढा, बर्फी, जेली यांसारखा दिसणारा सुवासिक साबण करू नका. फराळाच्या दिवसांत तो लहान मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. पान, फूल, पणती, शंख असे कितीतरी सुंदर आकार आहेत. आणि साबणासाठी एकदा वापरलेला साचा पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

वड्या खोलीच्या तापमानालाच घट्ट होऊ द्या, फ्रीजरमध्ये घालू नका. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, त्यामुळे मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघड्या वडीला घाम फुटतो. म्हणून वडी साच्यातून काढली की लगेच प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा, वरून मग हवं तर रंगीत वेष्टन करा. वेष्टनावर चिठ्ठी लावा: बेस कोणता, सुगंध कोणता, आणखी काय घातलं आणि कधी केलं. ज्याला एखाद्या गोष्टीची अॅलर्जी आहे, त्याच्यासाठी ही चिठ्ठी फार मोलाची आहे.

बचत गटातल्या भगिनींना वेगळं सांगायचं आहे. घरी वापरणं, भेट देणं निराळं आणि विकणं निराळं. विक्रीसाठी साबण करायचा तर सौंदर्यप्रसाधनांचे कायदे लागू होतात. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम यांनुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. स्टॉल मांडण्याआधी तिथे चौकशी करा. आणि ‘मुरुमं जातात’, ‘खरूज बरी होते’ असं वडीवर लिहू नका. ‘केमिकल नसलेला साबण’ असंही म्हणू नका, कारण मुळात साबण अल्कलीच्या क्रियेशिवाय तयारच होत नाही. सचोटीने सांगितलेला माल हळूहळू खपतो, पण गिऱ्हाईक टिकतं.

तेव्हा यंदा साबण जरूर करा, पण दिवाळीच्या आदल्या रात्री नको. तीन-चार आठवडे आधी एकच छोटा घाणा करा. थोडा फेस कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि दिवसभर वाट पाहा. लाली किंवा खाज नसेल तर ती वडी आठवडाभर घरात वापरा. रंग अंगाला किंवा टॉवेलला लागतो का, वास डोक्यात जातो का, हे बघा. तुमच्या घरच्यांनी निर्धास्तपणे वापरली तरच पुढच्या वड्या ओता आणि शेजारी, सासर-माहेरी वाटा.