टीव्हीचंही पीडीआय करा

चाकणच्या कुठल्याही प्लांटमध्ये गाडी लाइनवरून उतरली म्हणून लगेच गेटबाहेर पडत नाही. दारं उघडून, काचा वरखाली करून, दिवे पेटवून बघतात, मग पीडीआयचा, म्हणजे माल बाहेर पडण्याआधीच्या तपासणीचा, शिक्का बसतो. भोसरीतला छोटा वर्कशॉपवालासुद्धा आलेल्या मालाला व्हर्नियर लावतो. मी स्वतः वीस वर्षं क्वालिटीत काढली. आणि बोनस हातात पडला की हीच आपण माणसं गुरुवारची सुट्टी गाठून पिंपरी कॅम्पात जातो, भिंतीवरच्या वीस टीव्हींतल्या सगळ्यांत झगमगत्या टीव्हीकडे बोट दाखवतो आणि टेम्पोत घालून घरी आणतो. इन्स्पेक्शन शून्य!

तो झगमगतो, कारण त्याला तसं करून ठेवलेलं असतं. दुकानात टीव्ही ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर असतो आणि त्यावर कंपनीनेच दिलेली फुलं-पोपटांची चित्रफीत फिरत असते. तुम्ही घरी पोपट बघणार आहात का? दुकानदाराकडून रिमोट मागा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात. पसंत पडलेले दोन टीव्ही ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोडवर आणा आणि दोन्हींवर एकच गोष्ट लावा. दुकानाच्या वायफायवर ‘तुंबाड’चा ट्रेलर लागला तर उत्तम. कंदिलाच्या उजेडातला तो वाडा साध्या टीव्हीवर नुसता राखाडी दिसतो, चांगल्यावर काळ्या भिंतीचे पोपडेसुद्धा वेगळे कळतात. मग एखादं बातम्यांचं चॅनल लावा आणि तळाच्या पळत्या पट्टीवरची अक्षरं वाचा. अक्षरांना शेपूट फुटत असेल तर क्रिकेटच्या चेंडूलाही फुटणार.

तिसरी तपासणी बाजूला उभं राहून करायची. आपल्याकडे टीव्ही समोर बसून फक्त पाहुणे बघतात. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघते, पोरं जमिनीवर आडवी पडून. ‘व्हीए’ पॅनलवर काळा रंग गडद येतो पण कडेने बघितलं की चित्र फिकटतं, ‘आयपीएस’चं उलट. दोन्ही एकदम मिळणं स्वस्तात अवघड.

डब्यावर ‘एचडीआर’ लिहिलंय म्हणून भुलू नका. तो सिग्नल टीव्हीला कळतो एवढाच त्याचा अर्थ. तो दाखवायला लागणारा उजेड कमी किमतीच्या पॅनलमध्ये नसतोच. ‘क्यूएलईडी’ म्हणजे मागे दिवे असलेला एलसीडीच, रंग सुधारणारा एक थर जास्त. ‘ओएलईडी’ मात्र खरंच वेगळा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो नि विझतो. किंमतही वेगळीच, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

आता माझी फजिती. मोठ्या हौसेने फोर-के टीव्ही आणला आणि आठवडाभर मालिका धुरकट दिसत राहिली. दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. शेवटी मागे हात घालून बघतो, तर सेट-टॉप बॉक्स जुन्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडलेला. त्या वायरीतून एचडी येतच नाही! एचडीएमआय केबल लावली, पॅकमध्ये मराठी चॅनलं एचडी घेतली, आणि चित्र उजळलं. जुन्या टीव्हीवर समाधान नसेल तर आधी ही वायर बघा. कदाचित नवा टीव्ही लागणारच नाही.

साइझचं सांगायचं तर टेप घेऊन जा. ४३ इंची पडदा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४३ भरला पाहिजे, रुंदी साधारण साडेसदतीस. स्वस्त, बिननावाच्या सेटमध्ये इथेच दांडी मारलेली सापडते. म्हाळुंगे-निघोज्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीला ४३ भरपूर झाला. थर्ड शिफ्ट करून सकाळी टीव्ही लावणाऱ्यांनी खिडकीचं प्रतिबिंब पडद्यावर किती पडतं ते आधी बघावं, आणि ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो का तेही. घरातली बाकीची झोपलेली असतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिलावर तो वाचून घ्या. ‘झिरो कॉस्ट’ हप्त्यात प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने घेतला तर किती सोडता, हे दोन्ही प्रश्न विचाराच. ठेकेदाराकडच्या पोरांना विशेष सांगणं: कॉन्ट्रॅक्ट सात महिन्यांचं आणि हप्ते बारा, असलं गणित मांडू नका.

सोबत स्टॅबिलायझर गळ्यात मारतील. टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर गरज नाही. वळवाचा गडगडाट सुरू झाला की मात्र प्लग काढा, डिशची वायरही काढा.

फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही, आणि नवा पडदा जवळजवळ नव्या टीव्हीच्या भावात पडतो. म्हणून खोकं उघडताना मोबाइलवर शूटिंग करा. तक्रार कोणी ऐकलीच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. डिलिव्हरीला आलेला पोरगा घाईत असतो, त्याला अजून आठ घरं करायची असतात. त्याला पाणी द्या, चहा द्या, पण पडदा पेटून चारही कोपरे बघून होईपर्यंत चलनावर सही करू नका.