भंडाऱ्याचा कौल

आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. याच भंडाऱ्यातून १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक हरले. १९५२ मध्ये मुंबईत काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला होता; येथे काँग्रेसच्याच भाऊराव बोरकरांनी केला. मतदारसंघ द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. हा केवळ एका व्यक्तीचा पराभव नव्हे. १९३२ च्या पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ आले. राखीव जागेवर कोण बसावे हे दलितेतरांच्या बहुसंख्य मतांवर ठरू लागले. घटनेच्या शिल्पकारालाही त्यातून सुटका नव्हती. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाले. राखीव जागेचा प्रतिनिधी नक्की कोणाला उत्तरदायी, हा भंडाऱ्याने विचारलेला प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरितच आहे.