मनीचा दुसरा धनी

आपली दिवाळी माणसापासून सुरू होत नाही, जनावरापासून सुरू होते. करंज्या अजून तळून व्हायच्या असतात, आकाशकंदिलाची वायर सापडत नसते, आणि वसुबारस उजाडते. त्या दिवशी मान गाईचा आणि तिच्या वासराचा. आपला नंबर मागाहून. शेजारच्या नेपाळात तर याच दिवसांत, तिहारच्या सणात, कुत्र्याच्या कपाळी टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे जेवणापूर्वी गोग्रास, श्राद्धाला काकबळी, दत्ताच्या पायांशी चार कुत्री आणि खंडोबाच्या संगतीला एक. तेव्हा मुक्या प्राण्यावर माया करावी की नाही, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी कधीच निकालात काढलेला आहे. अवघड प्रश्न निराळाच आहे. ज्यांची साठी उलटली, मुले परगावी गेली, घरात माणसे दोन, गुडघे चार आणि त्यातले तीन कुरकुरणारे, अशांनी नवे जनावर घरात आणावे का?

हा प्रश्न यंदा आमच्या दारात चार पायांनी चालत आला. इमारतीतले एक तरुण जोडपे कॅनडाला निघाले. त्यांचा लॅब्रडॉर दीड वर्षाचा, तीस किलो वजनाचा, आणि स्वभावाने इतका गोड की दूधवाला काय आणि चोर काय, दोघांचेही स्वागत सारख्याच शेपटीने करणारा. त्या मुलीने आमच्याकडे येऊन विचारले, “काका, काकू, तुम्ही ठेवून घ्याल का याला? तुम्हालाही तेवढीच सोबत होईल.”

सोबत हा शब्द आमच्या वयाच्या माणसाला चटकन लागतो. आमच्या सौ.ला तो लागलाच. “ठेवू या की,” ती म्हणाली. माझे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलेले. मी कागद-पेन्सिल घेतली. लॅब्रडॉर साधारण दहा ते बारा वर्षे जगतो. म्हणजे याची अजून नऊ-दहा वर्षे धरावीत. आज मी सत्तर, ही सहासष्ट. त्याची शेवटची आजारपणे काढायची वेळ येईल तेव्हा मी ऐंशीचा, आणि तीस किलोच्या कुत्र्याला उचलून डॉक्टरकडे न्यायचे म्हणजे आधी मलाच कोणी तरी उचलायला हवे.

“अहो,” सौ. म्हणाली, “मागच्या महिन्यात कोटाचं कापड घेतलंत, तेव्हा ते किती टिकेल आणि आपण किती टिकू, असा हिशेब मांडला होतात का?”

“कापडाला भूक लागत नाही,” मी म्हणालो.

यावर ती गप्प बसली. पण हे गप्प बसणे पटल्याचे नव्हते, हे वाचकांना सांगायला नकोच.

खरे सांगायचे तर तिच्या बाजूनेही पुरावा भक्कम आहे. स्वीडनमध्ये २०१७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. चाळीस ते ऐंशी वयाच्या चौतीस लाखांहून अधिक लोकांची बारा वर्षांची माहिती तीत तपासली होती. एकट्या राहणाऱ्या माणसांत ज्यांच्या घरी कुत्रा होता, त्यांचे मृत्यूचे प्रमाण कुत्रा नसलेल्या एकट्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले. अर्थात, कुत्र्यामुळे माणूस धडधाकट राहतो की मुळातला धडधाकट माणूसच कुत्रा पाळतो, हे अशा पाहणीतून पक्के ठरत नाही, आणि ते त्या शास्त्रज्ञांनीही मान्य केले आहे. पण सकाळी कोणी तरी आपली वाट पाहत उभे आहे, म्हणून उठावे लागते, आणि उठले की चालावे लागते, एवढे समजायला स्वीडनपर्यंत जायला नको.

नाण्याची दुसरी बाजू अमेरिकेतली. तिथे पासष्टीपुढच्या माणसांची, पट्ट्याला बांधलेला कुत्रा फिरवताना मोडलेली हाडे मोजली गेली. २००४ साली अशा दुखापती अंदाजे १,६७१ होत्या. २०१७ साली त्या ४,३९६ झाल्या. त्यांत बायका पुष्कळ, आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण मोठे. अमेरिकेतले फुटपाथ कसे असतील ते असोत. आमच्या नालासोपाऱ्यात जुन्या इमारती चार मजली आणि बहुतेक बिनलिफ्टच्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दिवसातून तीनदा खाली आणि तीनदा वर, पुढे मांजर दिसले की उसळणारे तीस किलो. त्यात आमचा पावसाळा. २०१८ च्या जुलैत इथले रेल्वेचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या होत्या, हे पुष्कळांना आठवत असेल. अशा दिवसांत माणूस घरात बसून राहू शकतो. कुत्र्याला ते सांगता येत नाही.

सोसायटीचे म्हणाल तर तिची अडचण नव्हती. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे, की बहुमताचा ठराव करूनसुद्धा गृहनिर्माण संस्थेला कोणाला घरात जनावर पाळण्याची बंदी करता येत नाही. तेव्हा सेक्रेटरीच्या नावावर खापर फोडून मोकळे होण्याचा मार्गही आम्हाला बंद होता.

पण माझे पाऊल अडले ते गुडघ्यांपाशी नव्हे. आमच्या मागच्या गल्लीत एक विधुर गृहस्थ राहत. त्यांचा एक तांबडा गावठी कुत्रा होता. संध्याकाळी दोघे तळ्याकाठी बसत, आणि चहाबरोबर आणलेल्या बिस्किटांची वाटणी अगदी भावाभावांसारखी होई. एका पावसाळ्यात गृहस्थ गेले. नातेवाईक आले, दिवसकार्य केले, घराला कुलूप घातले आणि गेले. कुत्र्याला त्यांनी मारले नाही, हाकलले नाही. त्याचा विचारच केला नाही. तो जिना चढून वर जाई आणि त्या कुलपापुढे बसे. गल्लीतली पोरे खायला घालत, ते तो खाली येऊन खाई आणि पुन्हा वर जाई. असे त्याने पावसाळा सरेपर्यंत केले. पुढे एके दिवशी तो दिसेनासा झाला.

पाळलेल्या जनावराला उपाशी मरण्याच्या वाटेवर सोडून देणे हा १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडा तेव्हाचाच आहे. तेव्हा पन्नास रुपयांना किंमत होती. पण त्या नातेवाइकांवर तरी राग कसा धरावा? ‘माझ्यामागे याला तुम्ही न्या,’ असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गाला निघतो तेव्हा एक कुत्रा त्याच्यामागून चालत असतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, की कुत्र्याला सोड आणि चढ. धर्मराज साफ नकार देतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना त्याच्या निष्ठेने ऊर भरून येत असे. आज मात्र वाटते, की धर्मराजाचे काम त्या मानाने सोपे होते. त्याला निदान कोणी विचारले तरी! आपल्याला न्यायला रथ येतो तेव्हा कोणी काही विचारत नाही. आपण वर जातो, आणि कुत्रा कुलपापुढे राहतो.

मोठ्या माणसांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहा. रतन टाटा २०२४ च्या ऑक्टोबरात वयाच्या ८६ व्या वर्षी वारले. कुत्र्यांवर त्यांची किती माया, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या प्रेरणेने मुंबईत महालक्ष्मीला प्राण्यांचे रुग्णालय त्याच वर्षी सुरू झाले. आपला कुत्रा टिटो याच्या देखभालीची तजवीज त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली आणि त्याला आपल्या जुन्या स्वयंपाक्याच्या हवाली केले, असे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने, आपल्यामागे लहान कुत्री पोरकी राहू नयेत म्हणून, आपल्याकडची कॉर्गींची पैदास उतारवयात थांबवली होती असे सांगतात. तरी २०२१ साली नव्वदी उलटल्यावर तिच्या घरी पुन्हा पिल्ले आलीच. पुढच्याच वर्षी ती वारली आणि तिचे दोन कॉर्गी मुलाकडे, अँड्र्यूकडे, गेले. टाटांना स्वयंपाकी होता, राणीला राजपुत्र होता. नालासोपाऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला कोण आहे?

माझ्या मते सारा प्रश्न एवढाच आहे. आपली वर्षे किती उरली, हे कोणालाच ठाऊक नसते. तिशीतल्या माणसालाही नसते. तेव्हा वयाचा हिशेब मांडून नाही म्हणणे म्हणजे आगगाडी उशिरा येईल म्हणून स्टेशनवरच न जाणे. जनावर आणण्यापूर्वी आपल्याखेरीज त्याचा दुसरा धनी कोण, त्याचे नाव घेता आले पाहिजे, आणि त्या धन्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलेले असले पाहिजे. नाव असेल तर ऐंशीव्या वर्षीही खुशाल आणावे. नाव नसेल तर पन्नाशीतही आणू नये.

आम्ही बंगळूरच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आणा ना बाबा, पुढचं पुढं बघू.” मुलगा गुणी आहे, पण ‘पुढचं पुढं बघू’ हे काही कोणाचे नाव नव्हे. लॅब्रडॉरसाठी आम्हाला दुसरा धनी मिळाला नाही. तो निर्मळच्या बाजूला, त्या जोडप्याच्या मित्राच्या वाडीत गेला. तिथे त्याला धावायला जागा आहे आणि घरात तिशी-चाळिशीची माणसे आहेत. तो गेला त्या दिवशी सौ.ने मला चहा दिला, पण विचारला नाही.

महिन्याने शेजारच्या इमारतीतल्या एका आजी मुलीकडे नाशिकला निघाल्या. त्यांची मांजर नऊ वर्षांची. मुलीच्या घरी लहान बाळ दम्याचे, तिथे मांजर नेणे शक्य नव्हते. घरातली मांजर बारा-पंधरा वर्षे सहज जगते. म्हणजे आमची आणि तिची उरलेली वाट साधारण एकाच लांबीची. पिल्लू सगळ्यांनाच हवे असते. म्हाताऱ्या जनावराला कोणी विचारत नाही. म्हाताऱ्यांनी ते विचारावे, हे मला न्यायाचे वाटले. पण या वेळी सौ. माझ्याही पुढे गेली. मांजर आणण्याआधीच ती तळमजल्यावरच्या शाळेतल्या बाईंकडे जाऊन बसली. बाईंची बारा वर्षांची मुलगी मांजरवेडी. बाई विचार करून दुसऱ्या दिवशी वर आल्या आणि म्हणाल्या, “काकू, लिहून ठेवा आमचं नाव.”

तेव्हा लिहून ठेवले आहे. ज्या वहीत बँकेचे खाते, विम्याचे कागद आणि डॉक्टरांचा फोन आहे, त्याच वहीत एक पान मनीचे. तिला रेबीजची लस कधी टोचली, शस्त्रक्रिया झालेली आहे, कोळीण शनिवारी मांदेलीची डोकी राखून ठेवते, फटाके वाजू लागले की ती कपाटामागे शिरते आणि तिला ओढून काढू नये, असे सगळे. कायद्याने जनावर आपला वारस होऊ शकत नाही. पण त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे मृत्युपत्रात काही रक्कम ठेवता येते. तीही थोडी ठेवली आहे.

ज्यांना मांजर-कुत्रा नको म्हणून पोपट पाळावासा वाटत असेल, त्यांनी तो विचार सोडून द्यावा. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, नक्षीदार पाठीच्या तारका कासवाचेही तेच. शिवाय पोपट वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो, तेव्हा दुसराच काय, तिसरा धनीही शोधावा लागेल. आणि ज्यांना कोणतेच नाव सापडत नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. इमारतीच्या दारातल्या कुत्र्याला चौघांनी मिळून पाळावे. त्याला चार धनी असतात, आणि एक गेला तरी तीन उरतात.

आमच्या गावाचे जुने नाव शूर्पारक. इथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्याचा. आमच्या तुकड्यावर अक्षरे थोडीच उरली आहेत. पण पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणांवरून माहीत आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी शिकारीच्या सफरीवर निघत. आपण ते सोडून धर्मयात्रा सुरू केली, आणि तीत वृद्धांना भेटतो व त्यांना धन देतो, असे अशोक त्यात सांगतो. जनावरांची शिकार थांबली आणि म्हाताऱ्यांची विचारपूस सुरू झाली, ती एकाच लेखात, हे मला फार सूचक वाटते. दोघांनाही लागते ते एकच. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न विचारायला कोणी तरी आधी यावे, आणि त्याने हो म्हणावे.