रेल्वेगाडीला ब्रेक सर्टिफिकेट, मग मोटारीला का नाही?



रेल्वेत नोकरी करणाऱ्याला ब्रेकचे महत्त्व सांगावे लागत नाही. मालगाडी असो की मेल, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. कॅरेज अँड वॅगनचा माणूस तपासून सही करतो, मग ड्रायव्हर आणि गार्ड सही करतात. आता त्यांना लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण सहीची जबाबदारी तीच आहे. गाडीला उशीर होत असला तरी त्या कागदावाचून सिग्नलला अर्थ नाही.

आता त्याच रेल्वेची जीप घ्या, टपाल खात्याची मेल मोटार घ्या, नाहीतर आपल्या भावाने कर्ज काढून घेतलेली जुनी मोटार घ्या. तिच्या ब्रेकची तपासणी शेवटची कधी झाली, कोणी केली, त्याचा कागद कुठे आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, जो नियम रुळावर आहे तो रस्त्यावरही आला पाहिजे. उलट रस्त्यावर त्याची गरज जास्त आहे.

कारण असे. वेस्टिंगहाऊसने १८७२ साली काढलेल्या एअर ब्रेकची करामत अशी की, ब्रेक पाईपमधला पाच किलोचा दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. होज तुटला तर गाडी उभी राहते. मोटारीचे उलटे आहे. तिथे पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑईलचा दाब चाकापर्यंत जातो. ऑईल गळले किंवा उकळले तर दाब जातो आणि मोटार थांबत नाही. हल्लीच्या मोटारींत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाईन असतात, एक फुटली तर दुसरी उरते. पण दोन्ही लाईनींत तेच जुने ऑईल भरलेले असेल, तर दोन्ही एकदमच दगा देतात.

आपण ब्रेक ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉलपासून केलेले असते आणि हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभावच आहे. नवे डॉट ३ ऑईल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकाजवळची उष्णता वाढत जाते, ऑईलमध्ये वाफ धरते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला टेकते. मेकॅनिक वर पाहतो तेव्हा डबी भरलेली असते आणि सगळे ठीक वाटते.

म्हणून ब्रेक ऑईल नुसते भरायचे नसते, बदलायचे असते. मोटारीच्या पुस्तकात मुदत दिलेली असते, पुष्कळशा मोटारींना ती दोन वर्षांची असते. किलोमीटर झाले नाहीत म्हणून थांबू नये, क्वार्टरच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीचे ऑईलही पाणी पितच असते. कोणते घालायचे ते डबीच्या झाकणावर छापलेले असते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते, पण डॉट ४ च्या जागी डॉट ३ घालू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचे, ते या दोन्हींत कधीही मिसळू नये. इंजिन ऑईलचा थेंबसुद्धा त्यात पडला तर रबरी वायसर फुगतात आणि सगळी लाईन उतरवावी लागते. उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नये. पातळी उतरली असेल तर आधी गळती आणि ब्रेक पॅडची झीज पाहावी, वरून ओतून दोष झाकू नये.

बाकीच्या द्रवांनाही हीच शिस्त लावावी. इंजिन ऑईल सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने काडीवर पाहावे. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न घालता पुस्तकात सांगितलेलेच कूलंट घालावे आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नये. कूलंट विषारी असते व चवीला गोड लागते, तेव्हा ते मुलांच्या हाती पडू देऊ नये.

आता कोणी म्हणेल, यात युनियनचा काय संबंध? संबंध आहे. अपघात झाला की गुन्हा पहिल्यांदा ड्रायव्हरवर दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी ती दोन वर्षांपर्यंत होती. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९० हेही सांगते की, धोकादायक दोष असलेले वाहन चालवणारा जसा दोषी, तसा दोष ठाऊक असून ते चालवू देणाराही दोषी. तोंडी तक्रार कोर्टात टिकत नाही, म्हणून तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

खर्चाची सबब सांगितली जाईल. ब्रेक ऑईलचा डबा टाकीभर पेट्रोलपेक्षा किती तरी स्वस्त आहे. राखीव गाडी नाही, टपाल अडेल, असेही म्हटले जाईल. ही अडचण खरी आहे, पण तिची किंमत ड्रायव्हरने आणि रस्त्यावरच्या माणसाने का मोजावी?

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. खात्याच्या आणि भाड्याच्या प्रत्येक वाहनात तपासणीचे कार्ड असावे, त्यावर ऑईल बदलल्याची तारीख, त्याचा ग्रेड आणि मेकॅनिकची सही असावी. ठेकेदाराच्या गाडीसाठी ही अट टेंडरमध्येच घालावी. ब्रेकची लेखी तक्रार आली की दुरुस्तीपर्यंत वाहन उभे राहावे आणि ड्रायव्हरचा त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये.

नागपूर असो, इटारसी असो की सिकंदराबाद, आपापल्या शाखेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, ठराव करून प्रशासनाकडे पाठवावा. आणि ज्यांच्या दारात स्वतःची मोटार आहे त्यांनी ठरावाची वाट न पाहता या रविवारी बॉनेट उघडून ऑईल शेवटचे कधी बदलले ते तपासावे.